मोठ्या टायरचा मोह



मागच्या खेपेस आम्ही पतसंस्थेच्या कर्जाला जामीन राहण्याविषयी लिहिले होते. तो लेख वाचून दोघा-तिघांनी रस्त्यात अडवून विचारले, "एवढे शहाणपण सांगता, पण तुम्ही स्वतः कोणाला जामीन आहात काय?" आहोत. आमच्या धाकट्या बहिणीच्या मुलाला आहोत. त्याने कर्ज काढून एक छोटी इलेक्ट्रिक मोटार घेतली, ती भाड्याने चालवतो. हिरव्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेली गाडी रत्नागिरी स्टेशनच्या आवारात उभी दिसली तर ती त्याची असू शकेल. गणपतीपुळे, पावस, कधी आंबा घाटातून कोल्हापूर, आणि एप्रिल महिन्यात मंडणगड तालुक्यातले आंबडवे, असा त्याचा धंदा. बाबासाहेबांच्या मूळ गावी जाणारी मंडळी चौदा तारखेच्या आगेमागे एवढी असतात की वाटेत गाडी चार्ज करायलाही त्याला वेळ मिळत नाही.

शिवाय दर मंगळवारी आणि शुक्रवारी वाडीतल्या एका आक्कांना डायलिसिसला शहरात नेऊन परत आणायचे काम त्याच्याकडे आहे. त्याचे भाडे तो अर्धेच घेतो. आमच्या बहिणीला हे परवडत नाही आणि पटतेही, दोन्ही.

यंदाच्या जुलैतल्या एका शुक्रवारी निवळीच्या घाटात त्याची गाडी घसरली. सकाळची वेळ, पाऊस धो धो. महामार्गासाठी डोंगर कापला तिथली तांबडी माती पाण्याबरोबर रस्त्यावर आलेली. वळणावर पुढची चाके सरळच निघाली, सुकाणू फिरवूनही गाडी वळेना, आणि कठड्याला घासून थांबली. मागे आक्का बसलेल्या. कोणाला काही लागले नाही. आक्का तेवढ्या म्हणाल्या, "पोरा, मला आधीच दोन दिवस जगायला मशीन लागते, तू कशाला घाई करतोस?" त्यांना वेळेवर पोचवून तो थेट आमच्या कचेरीत आला, तेव्हा त्याचे हात थरथरत होते.

संध्याकाळपर्यंत मात्र त्याने उपाय शोधून काढला होता. मोठे टायर! आणि साधे मोठे नव्हे, तर थंडीच्या देशात असतात तसले, बर्फावर न घसरणारे. आमच्या चुलत भावाचा मुलगा सरकारच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर जर्मनीत शिकला आणि आता तिकडेच नोकरीला आहे. त्याचीही गाडी इलेक्ट्रिक. मागच्या हिवाळ्यात त्याने बर्फात उभ्या असलेल्या गाडीचा फोटो घरच्यांना पाठवला होता. तो फोटो आमच्या भाच्याने जपून ठेवलेला. "मामा, बर्फावर जे टायर घसरत नाहीत ते आपल्या चिखलावर काय घसरणार?"

दुकानदाराने लगेच आकडा सांगितला होता. बर्फाचे टायर नाहीत, पण 'एम प्लस एस' छापाचे, एक माप मोठे, चार टायरचे अठ्ठावीस हजार. पैसे कुठून? बहिणीच्या भिशीचा नंबर ऑगस्टमध्ये लागणार होता. तो पैसा तिने गळक्या छपरासाठी ठेवलेला. आम्हाला फक्त एवढेच विचारायचे होते, की तुम्ही ताईला समजवाल ना?

आम्ही बी.कॉम. माणूस. मोटारीच्या यंत्रातले आम्हाला कळते असा आमचा दावा नाही. पण आकडा दिसला की मांडून पाहायची खोड आहे. त्याला म्हटले, ताईशी बोलू, पण आधी टायरवर काय लिहिले आहे ते वाचून दाखव.

त्याच्या गाडीच्या टायरवर १७५/६५ आर १४ असे लिहिलेले आहे. आपल्यातले कितीतरी लोक रोज गाडी चालवतात आणि हे आकडे म्हणजे कारखान्याचा काहीतरी नंबर असेल असे समजतात. तसे नाही. १७५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे टायरच्या बाजूची उंची त्या रुंदीच्या ६५ टक्के. आर म्हणजे रेडियल, आणि १४ म्हणजे ज्या लोखंडी चाकावर टायर चढतो त्या रिमचा व्यास इंचात. त्यापुढे आणखी एक आकडा आणि अक्षर असते, जसे ८२ टी. हा ८२ किलोचा आकडा नव्हे, तो कोष्टकातला क्रमांक आहे. त्याचा अर्थ एक टायर जास्तीत जास्त ४७५ किलो वजन पेलतो. टी म्हणजे ताशी १९० किलोमीटरपर्यंतचा वेग. आपल्या हातखंब्याच्या रस्त्यावर हे अक्षर कोणाच्या कामाला येणार नाही, पण वजनाचा आकडा येतो. इलेक्ट्रिक गाडी बॅटरीमुळे तशाच पेट्रोल गाडीहून जड असते. स्वस्तात मिळाला म्हणून कमी क्रमांकाचा टायर चढवला तर तो माणसे भरल्यावर दम तोडतो.

दुकानदार देत होता तो टायर १८५/७० आर १४. ऐकायला किरकोळ फरक. दहा आणि पाच. आम्ही वहीच्या मागच्या पानावर मांडणी केली. जुन्या टायरची बाजूची उंची ११३.७५ मिलिमीटर, वर आणि खाली मिळून २२७.५, त्यात रिमचे ३५५.६ मिळवले की पुऱ्या चाकाचा व्यास ५८३.१ मिलिमीटर. नव्याचा तसाच हिशेब केला तर ६१४.६. म्हणजे चाक सुमारे ५.४ टक्के मोठे.

"मग चांगलेच ना," भाचा म्हणाला, "गाडी उचलली जाईल. खड्ड्यात बॅटरी घासणार नाही."

गाडी उचलली जाते ती वाढलेल्या व्यासाच्या निम्मी. म्हणजे पावणेसोळा मिलिमीटर. पायातल्या चपलेचा तळ बदलला तर माणूस जितका उंच होतो, तेवढी. अठ्ठावीस हजारांत दीड सेंटीमीटर!

आता त्या दीड सेंटीमीटरची दुसरी बाजू पाहा. गाडीच्या मीटरला रस्ता दिसत नाही, त्याला चाकाच्या फेऱ्या कळतात. जुने चाक एका किलोमीटरला सुमारे ५४६ फेरे घेत होते, मोठे चाक ५१८ घेईल. मीटर आपले जुन्याच हिशेबाने चालणार. म्हणजे काट्यावर ६० दिसत असताना गाडी खरोखर ६३ च्या पुढे असेल. घसरायची भीती म्हणून टायर बदलायचे, आणि न कळत जास्त वेगाने जायचे!

याहून गंमत भाड्याची. बाहेरगावचे भाडे तो गाडीच्या मीटरवरच्या किलोमीटरने घेतो. महिन्याला खरे अडीच हजार किलोमीटर फिरला तर मीटर सुमारे २,३७२ दाखवील. १२८ किलोमीटर गिऱ्हाइकाला फुकट. हे ऐकल्यावर तो पहिल्यांदा गप्प झाला. वेगाच्या हिशेबाने जे झाले नाही ते भाड्याच्या हिशेबाने झाले. तरुण माणसांना दोष देण्यात अर्थ नाही, आमचेही कचेरीत तसेच होते.

इलेक्ट्रिक गाडीला याचा आणखी एक फटका आहे. पेट्रोलच्या गाडीत चढावर गिअर बदलता येतो. या गाडीत बहुधा एकच ठरलेला गिअर. चाक मोठे केले की मोटारीच्या जोराला रस्त्यावर मिळणारी ओढ पाच टक्क्यांनी कमी होते. तेवढाच आंबा घाट चढायला मोटारीने जास्त नेट लावायचा. टायर रुंद आणि जड झाला की तो फिरवायला लागणारी वीजही वाढते. भाच्याच्याच ओळखीच्या एका चालकाने असे टायर बसवले. त्याला पूर्वी एका चार्जमध्ये दोन खेपा जमत, आता दुसऱ्या खेपेत मध्येच चार्जिंगला थांबावे लागते. तो म्हणतो गाडीचे अंतर फार घटले. थोडे खरेच घटले असणार. पण थोडे मीटरच कमी दाखवते आहे, हे त्याला कोणी सांगितलेले नाही. त्याने बॅटरी खराब झाली म्हणून तक्रार केली आणि तिथे गाडीचे टायर पाहून त्याच्याकडे जी नजर टाकली गेली, तिचे वर्णन त्यानेच भाच्याला केले.

तो चालक आणखी एक सांगतो. गाडी रिकामी असताना काही कळत नाही. चार माणसे आणि सामान घेऊन पूर्ण वळवली की चाक आतल्या आवरणाला घासते. करकर असा आवाज येतो. तो आता गाडी पूर्ण वळवतच नाही. स्टेशनच्या आवारात दोनदा मागेपुढे करतो.

राहिला बर्फाच्या टायरचा प्रश्न. त्यासाठी आम्ही जर्मनीला फोन लावला. तिकडे दुपार होती, पोरगा जेवायला बसलेला. त्याला विचारले, तुझे ते हिवाळ्याचे मोठे टायर इथे चालतील काय? तो हसायलाच लागला. म्हणाला, "काका, मोठे कुठले? मी तर हिवाळ्यात रिम एक इंच लहान आणि टायर अरुंद लावतो." तिकडे पुष्कळजण असे करतात. अरुंद टायरखाली गाडीचे वजन थोड्या जागेवर येते, तो भुसभुशीत बर्फ दाबून खालचा रस्ता धरतो. रुंद टायर बर्फावर तरंगतो. लहान रिमचा टायर स्वस्तही पडतो. फोटोत चाक मोठे दिसले ते फोटो खाली बसून काढला म्हणून!

हिवाळी टायरचे मर्म मापात नाही, रबरात आहे, हे त्याने नीट समजावले. साधारण ७ अंशांच्या खाली पारा गेला की आपले नेहमीचे रबर कडक होते आणि रस्ता धरीत नाही. हिवाळी टायरचे रबर त्या थंडीतही मऊ राहील असे बनवतात आणि त्याच्या ठोकळ्यांवर बारीक चिरा पाडतात, त्या बर्फ धरतात. जर्मनीत २०१० पासून बर्फ, घसरण असेल तेव्हा असे टायर कायद्यानेच लागतात. तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात बर्फाचे फूल, असे चिन्ह ज्यावर आहे तोच खरा हिवाळी टायर. ते चिन्ह बर्फावर चाचणी घेतल्यावरच मिळते. आणि दुकानदार दाखवत होता ते 'एम प्लस एस'? त्याचा अर्थ चिखल आणि बर्फ असा असला तरी ती कारखानदाराने स्वतःच लावलेली पाटी आहे, तिला चाचणीची अट नाही. १ ऑक्टोबर २०२४ पासून जर्मनीत नुसती ती पाटी हिवाळ्यासाठी धरत नाहीत. तिकडे जे मोजत नाहीत ते इकडे जादा पैसे घेऊन विकायला निघाले आहेत.

आपल्या रत्नागिरीत जानेवारीतल्या पहाटेही पारा ७ अंशांच्या आसपास फिरकत नाही. खरा हिवाळी टायर इथे आणला तर मे महिन्याच्या डांबरावर त्याचे मऊ रबर खोडरबरासारखे झिजेल आणि ब्रेक लावल्यावर गाडी थांबायला जास्त अंतर घेईल. जिथे बर्फ पडतो तिथल्या माणसाची ती गरज आहे. आपला हिवाळा म्हणजे पावसाळा. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणारा हा मुलूख, पूर्वी भिक्खू लोक वर्षावासात तीन महिने एका जागी राहत ते उगीच नव्हे. पण भाड्याच्या गाडीला वर्षावास कसा परवडणार? तिला याच तीन महिन्यांत हप्ता भरायचा असतो.

मग पावसात टायर काय करतो? टायरवरच्या खाचा या शोभेसाठी नाहीत. त्या पाण्याच्या पन्हाळी आहेत. चाकाखाली आलेले पाणी त्यांतून बाजूला फेकले गेले पाहिजे, तरच रबर रस्त्याला टेकते. वेग वाढला, खाचा उथळ झाल्या किंवा हवा कमी असली की पाणी बाहेर पडायच्या आत टायर त्याच्यावर चढतो. मग सुकाणूही चालत नाही आणि ब्रेकही. होडीला ब्रेक कुठे असतो? आणि इथे रुंद टायर तोट्याचा, कारण त्याला तेवढ्याच वेळात जास्त पाणी बाजूला सारायचे असते. म्हणजे ज्या कारणासाठी भाचा मोठा टायर मागत होता, नेमक्या त्याच कारणाने तो नको होता.

एवढे झाल्यावर आम्ही त्याला म्हटले, आता जुने टायर दाखव. दुसऱ्या दिवशी रविवार, विहारात वाचन आटोपल्यावर गाडी पाठीमागच्या पडवीत घेतली. वाडीतली पाच-सहा पोरे जमली. पुढच्या टायरची बाहेरची कड ठीक दिसत होती. सुकाणू पूर्ण वळवून आतली कड पाहिली तर ती जवळजवळ गुळगुळीत! चाकांची रेघ बिघडलेली, त्यामुळे आतूनच झिज. वरून पाहणाऱ्याला पत्ता लागणार नाही. खाचांच्या तळाशी आडवे बारीक उंचवटे असतात, खाच झिजून त्या उंचवट्याला टेकली की टायर संपला असे समजायचे. मोटारीच्या टायरला १.६ मिलिमीटर आणि दुचाकी-तीनचाकीला ०.८ मिलिमीटर खोली तरी हवी, असा केंद्रीय मोटार वाहन नियम आहे. हा कायद्याचा अगदी शेवटचा काठ झाला. नव्या टायरला सात-आठ मिलिमीटर खोली असते, आणि कोकणच्या पावसात तीन मिलिमीटर राहिले की जाणती माणसे टायर बदलतात.

मग हवा मोजली. दाराच्या चौकटीवरच्या कागदावर कंपनीने जेवढी लिहिली होती तिच्यापेक्षा बरीच कमी. पंक्चर आहे काय म्हणून विचारले, तर भाचा मान खाली घालून म्हणाला, "मीच कमी ठेवतो. खड्ड्यात गाडी मऊ चालते, आणि कमी हवेने पकड वाढते असे सगळे सांगतात." हे सगळे कोण, ते आम्हाला आजवर कळलेले नाही. वाळूत फसलेल्या गाडीची हवा कमी करतात, ती गोष्ट वेगळी. पावसाच्या रस्त्यावर कमी हवेचा टायर मधोमध दबतो, त्याच्या पन्हाळी मिटतात आणि तो पाण्यावर लवकर चढतो. वीज जास्त जाते ती आणखी निराळी.

तिसरी गोष्ट त्यानेच सांगितली, आणि ती फक्त इलेक्ट्रिक गाडीची आहे म्हणून नीट वाचा. या गाडीत पाय उचलला की मोटार उलटी वीज तयार करून बॅटरीत भरते आणि गाडीला मागे ओढते. ही ओढ कमी-जास्त ठेवता येते. वीज वाचते म्हणून तो ती कायम सगळ्यांत जास्त ठेवत असे. त्या दिवशी वळणावर चिखल दिसताच त्याने घाबरून पाय एकदम उचलला. ब्रेक चारही चाकांना लागतो, पण ही ओढ फक्त मोटार जोडलेल्या चाकांवर, त्याच्या गाडीत पुढच्या दोनांवर. तीच चाके वळायचीही, तीच अडायचीही, वर आतून गुळगुळीत आणि हवा कमी. मग ती सरळ गेली नसती तरच नवल. पावसात, घाटात ही ओढ कमी ठेवावी आणि पाय हळू उचलावा. दुसरे असे की बॅटरी पूर्ण भरलेली असताना वीज ठेवायला जागाच नसते, त्यामुळे ही ओढ फार कमी मिळते. घाटमाथ्यावर शंभर टक्के चार्ज करून लगेच उतरायला लागलात तर गाडी नेहमीसारखी आवरत नाही असे वाटेल. तिथे साध्या ब्रेकवरच भिस्त ठेवायची.

कायद्याचेही सांगितले पाहिजे, कारण आम्ही जामीन आहोत. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा स्पष्ट केले आहे. टायरचे एक माप त्यात बसते की नाही, यावर वकील दोन्ही बाजूंनी बोलतील. पण अपघात झाल्यावर विमा कंपनीचा माणूस पट्टी घेऊन येतो, तेव्हा वकील आपल्या खर्चाने उभा करावा लागतो. कंपनी स्वतःच दोन मापे देते तिथे प्रश्न नाही. टाटा नेक्सॉनच्या पेट्रोल-डिझेल प्रकारांत खालच्या गाड्यांना १९५/६० आर १६ आणि वरच्यांना २१५/६० आर १६ असे दोन टायर आले, आणि २०२० साली निघालेल्या इलेक्ट्रिक नेक्सॉनला मोठा आला. ते कारखान्याने ठरवून दिलेले माप आहे. आपल्या गाडीच्या पुस्तकात दुसरे माप छापलेले असेल तर खुशाल घ्या. भाच्याच्या पुस्तकात एकच होते.

एक प्रश्न मात्र वाडीतल्याच एका पोराने केला आणि तो रास्त होता. "काका, रस्त्यात पाणी साचते तेव्हा तरी उंच गाडी बरी ना?" त्याचे आजोळ चिपळूणचे. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचे पाणी बाजारपेठेत चढले ते त्याने लहानपणी पाहिले आहे. त्याला आम्ही एवढेच म्हटले, की वाहत्या पाण्यात गाडी आधी हलकी होते आणि मग वाहते. बॅटरीचा डबा पाणी शिरू नये असा बंद केलेला असतो हे खरे, म्हणून गाडी बंद पडणार नाही कदाचित. पण ती तरंगायची राहते काय? दीड सेंटीमीटरने फक्त पाण्यात शिरायचे धाडस वाढते.

शेवटी काय केले? त्याच मापाचे, त्याच किंवा वरच्या वजन-क्रमांकाचे चार टायर घेतले. टायरची ओल्या रस्त्यावरची पकड आणि फिरताना होणारा अडथळा यांच्या कसोट्या २०२२ सालच्या अधिसूचनेने आपल्याकडेही लागू झाल्या आहेत. म्हणून दुकानात "टिकाऊ कोणता" एवढेच न विचारता "ओल्यात धरणारा कोणता" असेही विचारावे. दुकानदाराने आधी पुढे केले ते टायर भाच्याने परत केले, कारण त्याने बाजूवरचा चार आकडी शिक्का वाचला. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३२४ असेल तर २०२४ सालचा तेविसावा आठवडा. त्याला दाखवलेले टायर चार वर्षे गोदामात पडलेले होते. वरून काळे कुळकुळीत, पण रबर पडून पडूनही म्हातारे होतेच. दुकानदार म्हणाला, "आजवर कोणी वाचले नव्हते." आत जाऊन दुसरे आणले.

चाकांची रेघ सरळ करून घेतली, त्याच्या पैशांसकट सगळे मिळून एकोणीस हजार आठशे. हवेचा छोटा मापक घेतला तो निराळा. गाडी थंड असतानाच हवा मोजायची, चालून आल्यावर गरम टायर जास्त दाखवतो. या गाडीला जादा चाक नाही, नुसती पंक्चर काढायची पेटी दिली आहे. जुलै २०२० पासून तशी मुभा आहे, म्हणून ती पेटी उघडून वापरायची कशी तेही त्याला पडवीत बसवून करायला लावले. पहिल्यांदा त्याला झाकणच उघडेना. घाटात, पावसात, आक्का मागे बसलेल्या असताना ते शिकायची वेळ नको.

पैशांचे असे झाले, की भिशीतले नऊ हजार बहिणीने दिले, बाकीचे त्याने आक्कांकडून उचल घेतले. तीन महिन्यांच्या फेऱ्यांत फेडायचे आहेत. आम्ही त्याला विचारले, आजारी माणसाकडून पैसे घेताना लाज नाही वाटली? तर आक्काच म्हणाल्या, "त्याने मागितले नाहीत. मीच दिले. गाडीत मी बसते." छपरावर यंदा पुन्हा प्लॅस्टिकच टाकले आहे.

शुक्रवारी कचेरीतून परत येताना हातखंब्याला आम्ही त्याच गाडीत बसलो. निवळीच्या वळणावर तांबडे पाणी तसेच वाहत होते. भाच्याने खूप आधीपासून वेग उतरवला. मागून एक मोठी गाडी हॉर्न वाजवीत होती, तिला जाऊ दिले. आक्का मागच्या सीटवर झोपल्या होत्या.

जुने चार टायर बहिणीच्या अंगणात पडून होते. एकाचा झोपाळा करायचा असे धाकट्या पोरांचे चालले होते. परवा आशाताई घरोघरी फिरत आल्या, त्यांनी टायर उचलून पाहिला तर आत वीतभर पाणी आणि त्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या. वाडीत डेंग्यूचे दोन रुग्ण आधीच आहेत. झोपाळ्याच्या टायरला खालून भोके पाडून घेतली, बाकीचे तीन भंगारवाल्याला दिले.